विझत्या भडक्यांचा पाठलाग

दारूकाम पाहणाऱ्या माणसांचे दोन वर्ग पाडता येतील. पहिला वर्ग फार मोठा. बाण आकाशात गेला, फुटला, लाल-हिरवी फुले उधळली, की 'वाहवा' म्हणून ही मंडळी पुढच्या बाणाकडे वळतात. दुसरा वर्ग अगदी लहान. बाण विझल्यावर त्याची काडी कोठे पडली, धूर कोणत्या अंगाला वाहत गेला, निखारा किती वेळ तांबडा राहिला, हे पाहत ही माणसे अंगणात मागे रेंगाळतात. घरातली वडील मंडळी त्यांना बहुधा आत हाका मारीत असतात. पण तो बाण कोणी उडविला, किती लांबून उडविला आणि त्यात दारू किती होती हे सांगावयाची वेळ आली, तर ते सांगू शकेल तो या दुसऱ्या वर्गातलाच मनुष्य.

आज वाचकांना अशाच मागे रेंगाळणाऱ्या माणसांची हकीकत सांगावयाची आहे. त्यांचे अंगण म्हणजे सगळे विश्व, आणि ते ज्या बाणांची काडी शोधतात ते बाण म्हणजे गॅमा किरणांचे भडके. विश्वात याहून प्रखर दारूकाम आजवर कोणी पाहिलेले नाही. एकेक भडका काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा. पण तेवढ्या अवधीत तो जी ऊर्जा ओकतो, तेवढी आपला सूर्य त्याच्या हजार कोटी वर्षांच्या साऱ्या आयुष्यातही देऊ शकणार नाही. भडका संपल्यावर मागे जी धग उरते तिला इंग्रजीत 'आफ्टरग्लो' म्हणतात. आपण तिला पश्चदीप्ती म्हणू. या धगीपायीच दुर्बिणीजवळची माणसे जेवणाचे ताट सोडून धावतात.

मी स्वतः ज्योतिर्विद नव्हे. जुन्नर तालुक्यात तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकविले, एवढीच माझी पुंजी. पण खोडदच्या माळावर रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या उभ्या राहिल्या आणि विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला मुले घेऊन तेथे जाता जाता मलाही या विषयाचा नाद लागला. तो अजून सुटलेला नाही.

पहारेकऱ्यांना सापडलेले गूढ

या गोष्टीची सुरुवात एखाद्या वेधशाळेत झालेली नाही. ती झाली राजकारणात. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला, की हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात अणुबाँबचे प्रयोग करावयाचे नाहीत. करार झाला, पण विश्वास कोणाचा कोणावर? समोरचा चंद्राआड जाऊन चोरून बाँब फोडील, ही धास्ती होतीच. तेव्हा अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह जोडीजोडीने आकाशात सोडले. पहारा देणे या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हे नाव ठेवलेले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण टिपावयाचे, हे त्यांचे काम.

२ जुलै १९६७ रोजी या पहारेकऱ्यांनी एक भडका टिपला. लॉस अलामॉस येथील शास्त्रज्ञांनी पुढे जुने कागद चाळले तेव्हा तो त्यांच्या नजरेस आला. बाँबच्या भडक्याची तऱ्हा निराळी असते. हा तसा नव्हता. पुढे आणखी भडके सापडत गेले. एकाच भडक्याचे किरण निरनिराळ्या उपग्रहांवर क्षणाच्या फरकाने पोहोचत. या फरकावरून दिशा काढली, तर ती पृथ्वीची नव्हे आणि सूर्याचीही नव्हे! रे क्लेबसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन या तिघांनी १९६९ ते १९७२ या काळातले सोळा भडके निवडून १९७३ साली ही वार्ता जगाला सांगितली. रशियाची चोरी पकडावयास निघालेल्या माणसांच्या हाती विश्वाचे एक गुपित लागले होते.

पण गुपित हाती लागणे निराळे आणि ते उकलणे निराळे. पुढली चोवीस वर्षे सगळी पंडित मंडळी अंधारात चाचपडत होती. भडक्याची कारणे सांगणाऱ्या उपपत्तींची संख्या शंभरावर गेली. अडचण एकच, पण मुळावर येणारी: हे भडके किती अंतरावर होतात तेच कळेना. अमावस्येच्या रात्री रानात एक ठिपका चमकून गेला, तर तो हाताशी असलेला काजवा, कोसभरावरचा कंदील की क्षितिजावरचे दीपगृह, हे नुसत्या चमकण्यावरून कसे सांगावे? अंतर कळले तर तेज कळणार, आणि तेज कळले तर कारण शोधता येणार.

१९९१ साली अमेरिकेने 'कॉम्प्टन' ही गॅमा किरणांची वेधशाळा अंतराळात धाडली. नऊ वर्षांत तिने २,७०४ भडके मोजले. सरासरीने दिवसाला जवळजवळ एक. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्या तेव्हा ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांचे हे काम असते, तर आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी व्हावयास हवी होती. तरीही वाद मिटला नाही. १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लँब यांची जाहीर चर्चा झाली. पाचिन्स्की म्हणत, हे भडके अब्जावधी प्रकाशवर्षे दूर आहेत. लँब म्हणत, छे, आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या परिसरात आहेत. दोघेही कसलेले पंडित. पुरावा मात्र कोणाच्याच पदरात नव्हता.

कवडशावरून सूर्य

पुरावा मिळत नव्हता, कारण गॅमा किरण मोठे हट्टी. साध्या प्रकाशासारखे ते आरशाला दाद देत नाहीत. आरशावर पडले तर परत फिरण्याऐवजी आत घुसतात. त्यामुळे नेहमीच्या दुर्बिणीसारखी त्यांची रेखीव प्रतिमा मिळत नाही. भडका अमुक बाजूला झाला एवढे कळे, पण ती 'बाजू' आकाशात कित्येक चंद्र मावतील एवढी विस्तीर्ण असे. तेवढ्या पट्ट्यात हजारो तारे आणि आकाशगंगा. त्यांतला गुन्हेगार कोणता?

यावर जी युक्ती निघाली ती जुन्या वाड्यात राहिलेल्यांना चटकन समजेल. जाळीदार खिडकीतून ऊन आत आले, की जमिनीवर कवडशांची नक्षी उमटते. सूर्य सरकला की नक्षीही सरकते. सूर्याकडे न पाहता नुसत्या नक्षीवरून तो कोठे आहे हे सांगता येते. उपग्रहावर अशीच एक जाळी बसवावयाची. तिची भोके मुद्दाम वेडीवाकडी ठेवावयाची. खाली पडणाऱ्या गॅमा किरणांच्या अथवा क्ष-किरणांच्या सावलीवरून भडक्याची दिशा काढावयाची. आपल्या 'ॲस्ट्रोसॅट' उपग्रहावरही अशी जाळी बसविलेली आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी तो श्रीहरिकोट्याहून सुटला आणि त्यावरील उपकरणाने पुढे पाचशेहून अधिक भडक्यांची नोंद केली.

ही युक्ती पहिल्यांदा फळाला आणली ती मात्र इटली आणि हॉलंड यांच्या 'बेप्पोसॅक्स' या उपग्रहाने. ज्युझेप्पे ओकियालिनी या इटालियन पदार्थवैज्ञानिकाचे लाडके नाव बेप्पो. त्यावरून हे नाव. ३० एप्रिल १९९६ रोजी तो सुटला.

२८ फेब्रुवारी १९९७

आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन पाळतो. १९२८ साली याच तारखेला रामन यांचा शोध जाहीर झाला. १९९७ सालच्या त्याच तारखेला बेप्पोसॅक्सने मृग नक्षत्राच्या दिशेला एक भडका टिपला. तो सुमारे ऐंशी सेकंद टिकला. भडक्यांना नाव देण्याची पद्धत तिथीवारासारखी सोपी आहे: आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणून हा 'जी.आर.बी. ९७०२२८'.

रोममधल्या नियंत्रण कक्षातल्या मंडळींनी उपग्रहाचे तोंड त्या दिशेला फिरविले. आठ तासांनी त्याच्या क्ष-किरण दुर्बिणीला तेथे एक नवा ठिपका दिसला. तीन दिवसांनी पुन्हा पाहिले, तर तो वीस पटींनी मंदावलेला! पाचिन्स्की आणि इतर काही जणांनी असे भाकीत केलेच होते, की भडक्यामागे धग राहिली पाहिजे. ती पहिल्यांदाच सापडली.

इकडे ॲम्स्टरडॅममध्ये यान फान पाराडाइस आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, टायटस गालामा व पॉल ग्रोट, यांना वार्ता पोहोचली. कॅनरी बेटांतील ला पाल्मा येथल्या विल्यम हर्षल दुर्बिणीने त्याच रात्री, भडक्यानंतर एकवीस तासांच्या आत, त्या जागेचे छायाचित्र घेतले. ८ मार्चला दुसरे छायाचित्र घेतले. दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिली. पहिल्यात एक ठिपका होता. दुसऱ्यात तो नव्हता. पुढे 'हबल' दुर्बिणीने त्या जागी पाहिले, तेव्हा मावळत्या ठिपक्याशेजारी एक अंधुक, धुरकट आकृती दिसली. ती एक दूरची आकाशगंगा होती.

तीस वर्षे ज्या गुन्हेगाराचा माग लागत नव्हता, त्याचे घर सापडले! फान पाराडाइस यांना या विजयाचा आनंद फार काळ भोगता आला नाही. १९९९ साली ते वारले.

अंतराचा निकाल

घर सापडले, पण ते किती लांब? याचे उत्तर सव्वादोन महिन्यांत मिळाले. ८ मे १९९७ रोजी दुसरा भडका झाला. त्याची पश्चदीप्ती मावळण्यापूर्वीच मार्क मेट्झगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक दुर्बिणीने तिच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. वाटेतल्या वायूंतील लोह आणि मॅग्नेशियम यांनी त्या प्रकाशात आपल्या काळ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे अशा रेघा तांबड्या रंगाकडे सरकतात. जितक्या अधिक सरकलेल्या, तितका उगम दूर. हिशेब झाला. तो प्रकाश निदान सातशे कोटी वर्षे वाटचाल करीत आला होता! पाचिन्स्की यांचेच म्हणणे खरे ठरले. ठिपका काजव्याचा नव्हता. तो दीपगृहाचाच होता.

याच भडक्याची दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. डेल फ्रेल, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू मेक्सिकोतल्या रेडिओ दुर्बिणींच्या मेळ्याने त्याची धग पाहिली. ती लुकलुकत होती. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, हे आपण लहानपणी शिकतो. तारा म्हणजे केवळ एक बिंदू. हवेच्या हेलकाव्यांनी तो थरथरतो. ग्रहाला थोडे तरी आकारमान असते, म्हणून तो स्थिर दिसतो. रेडिओ लहरींच्या बाबतीत हवेचे काम आकाशगंगेतला विरळ वायू करतो. सुमारे महिनाभर लुकलुकून पश्चदीप्ती स्थिर झाली. म्हणजे बिंदू होता तो वाढून चकतीएवढा झाला! त्यावरून तिचा आकार निघाला: सुमारे एक लाख कोटी किलोमीटर. महिनाभरात एवढे पसरावयाचे तर वेग जवळजवळ प्रकाशाएवढाच हवा. नुसत्या लुकलुकण्यावरून केवढे गणित सुटले पाहा!

या कुलकर्णींचा जन्म १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. कॅलिफोर्नियातल्या 'कॅलटेक' संस्थेत राहून त्यांनी या शोधात मोठी कामगिरी बजावली. २०२४ साली त्यांना ज्योतिर्विज्ञानाचा शॉ पुरस्कार मिळाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ जन्मलेला मुलगा विश्वाच्या टोकाचे अंतर मोजतो, हे वाचून माझ्या वर्गातली मुले ताठ बसत.

तार सप्तकातून खर्जात

मग हा भडका आहे तरी काय? पश्चदीप्तीच्या अभ्यासाने जे चित्र तयार झाले ते असे. सूर्याच्या वीस-तीसपट वजनाचा एखादा तारा आपले इंधन संपवून बसतो. त्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो आणि तेथे कृष्णविवर जन्मते. भोवतालचे द्रव्य गरगरत आत पडू लागते, आणि फिरण्याच्या आसाच्या दोन्ही टोकांनी दोन झोत सुटतात. हे झोत ताऱ्याचे पोट फाडून प्रकाशाच्या ९९.९९ टक्क्यांहून अधिक वेगाने बाहेर पडतात. त्यांतला एक नेमका आपल्या रोखाने आला, तर आपल्याला गॅमा किरणांचा भडका दिसतो.

पश्चदीप्ती त्यानंतरची. ताऱ्याबाहेर विरळ वायू असतो. झोत त्यावर आदळतो, वायू रेटीत पुढे जातो आणि त्या रेट्यात मंदावतो. आदळण्यामुळे इलेक्ट्रॉन अफाट वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि प्रकाश टाकतात. आरंभी हा प्रकाश मुख्यतः क्ष-किरणांचा. झोत मंदावतो तसतसा तो उतरत जातो: आधी क्ष-किरण, मग डोळ्यांना दिसणारा प्रकाश, मग अवरक्त किरण, आणि शेवटी रेडिओ लहरी. गाणाऱ्याने तार सप्तकातून निघून मध्य, मग मंद्र आणि शेवटी खर्जात स्वर लावावा, तसा हा प्रकार. खर्ज मात्र कधीकधी वर्षानुवर्षे घुमत राहतो.

झोत अरुंद असतो, हेही धगीनेच सांगितले. २३ जानेवारी १९९९ चा भडका इतका तेजस्वी होता, की तो सर्व दिशांना सारखा फाकला असे धरून हिशेब केला तेव्हा सगळा सूर्य जाळून ऊर्जा केली तरी पुरली नसती! असे इंधन आणावयाचे कोठून? पण सुमारे दोन दिवसांनी त्याची पश्चदीप्ती एकाएकी अधिक झपाट्याने मंदावू लागली. झोताची कड दृष्टीस आल्याची ही खूण. बॅटरीचा झोत डोळ्यांवर आला म्हणून सगळे रान उजळले असे होत नाही. ऊर्जेचा आकडा शेकडो पटींनी खाली आला आणि पंडितांचा जीव भांड्यात पडला.

ताऱ्याच्या मृत्यूचा पक्का पुरावा मिळाला तो २९ मार्च २००३ च्या भडक्याने. हा सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे या हिशेबाने शेजारचाच. आठवडाभर धग मावळत गेली, आणि तिच्या आडून एका अतिनव ताऱ्याचा वर्णपट वर आला. ताऱ्याचे मरण आणि भडका या दोन गोष्टी एकाच चितेच्या, याविषयी मग शंका उरली नाही.

घड्याळाशी शर्यत

या धगीचा स्वभाव उधळ्या माणसाच्या खिशासारखा. साधारण नियम असा, की वेळ दसपट झाली की तेज एक-दशांश होते. पहिल्या मिनिटाला शंभर रुपये असतील, तर दहाव्या मिनिटाला दहा आणि शंभराव्या मिनिटाला एक रुपया. पुष्कळदा उतार याहूनही तीव्र. तेव्हा जो आधी पोहोचेल त्याला भरलेली थैली, आणि जो उद्या पोहोचेल त्याला चिल्लर.

म्हणून ही घड्याळाशी शर्यत सुरू झाली. उपग्रहाने भडका टिपताच त्याचे ठिकाण सेकंदांच्या आत जगभर कळते. मध्ये माणूस नकोच म्हणून आपोआप फिरणाऱ्या दुर्बिणी तयार झाल्या. १९९९ च्या त्या जानेवारीत लॉस अलामॉसचे एक यंत्र, ज्यात साध्या कॅमेऱ्याची चार भिंगे बसविली होती, भडका सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत त्या जागी पोहोचले. धग तेव्हा इतकी तेजस्वी होती, की साध्या द्विनेत्रीतून दिसली असती. त्याच भडक्याची पश्चदीप्ती नैनितालच्या १०४ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपली. भारतातून दृश्य प्रकाशात टिपलेली ही पहिली. २००४ साली सुटलेल्या 'स्विफ्ट' उपग्रहाने तर मिनिटा-दीड मिनिटात मान वळवून स्वतःच धग पाहावयाची हातोटी साधली.

आणि १९ मार्च २००८ रोजी तर नवलच घडले. भूतप तारकासमूहातला एक भडका अर्धा-एक मिनिट नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा उजळला. त्याचा प्रकाश साडेसातशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला. म्हणजे तो निघाला तेव्हा ही पृथ्वी, हा सूर्य, काहीच नव्हते! नुसत्या डोळ्याने दिसण्याजोगी इतकी दूरची वस्तू मानवाच्या माहितीत दुसरी नाही. आपल्याकडे तेव्हा भरदुपारची वेळ होती.

येथे भारताचे महत्त्व ध्यानात येईल. चिली, हवाई, कॅनरी बेटे या मोठ्या दुर्बिणींच्या जागा. तेथे दिवस असतो तेव्हा भडके थांबतात थोडेच? त्या वेळी ज्यांच्याकडे रात्र असते त्यांनी जागे राहिले पाहिजे. म्हणून लडाखमध्ये हान्ले येथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीशेजारी आय.आय.टी. मुंबई आणि बंगळूरची खगोलभौतिकी संस्था यांनी ७० सेंटिमीटरची एक स्वयंचलित दुर्बीण उभारली. २०१८ पासून ती अशा क्षणिक दिव्यांच्या मागावर असते.

आमच्या खोडदची कामगिरी

दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला पावसाळा आडवा येतो. रेडिओ दुर्बिणीला ढगांचे एवढे भय नाही. खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन फाट्यांवर, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात, ऊस, कांदा आणि द्राक्षांच्या शेतांमधून पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पना मांडली आणि तडीस नेली. तारांच्या जाळीची ही तबकडी हलकी आणि स्वस्त, वारा तिच्यातून निघून जातो; पण लांब लहरींना ती सलग आरशासारखीच.

धगीचा खर्ज ऐकावयाचा तर असाच कान हवा. २००३ च्या त्या भडक्याचा पाठपुरावा खोडदने आणि युरोपातल्या दुर्बिणींनी तीन वर्षांहून अधिक काळ केला. इतक्या दिवसांत झोत मंदावून गोलाकार होत जातो, आणि मग आधी भडक्यात किती ऊर्जा होती याचा खरा हिशेब लागतो. लग्नाचा खर्च मांडव उतरल्यावरच कळतो, तसे हे. सगळ्याच भडक्यांचा खर्ज ऐकू येतो असे मात्र नाही. पूनम चंद्र आणि डेल फ्रेल यांनी चौदा वर्षांतल्या सुमारे तीनशे भडक्यांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध केला; त्यांतल्या जेमतेम एक-तृतीयांश भडक्यांची रेडिओ धग सापडली होती.

एका फेब्रुवारीत तबकडीखाली उभी राहून आमच्या शाळेतली एक मुलगी तेथल्या तंत्रज्ञाला म्हणाली, "काका, विझलेलं बघून काय मिळतं?" तो हसला आणि म्हणाला, "बाळ, चुलीतली राख बघून आजी सांगते ना, रात्री काय शिजलं होतं ते?" माझ्या तीस वर्षांच्या शिकवणीत याहून नेमके उत्तर मला सुचले नव्हते.

सोन्याचा जन्म

धनत्रयोदशीला जे गुंजभर सोने आपण पुजतो, त्याचा या प्रकरणाशी निकटचा संबंध आहे. दोन सेकंदांहूनही अल्पजीवी अशा भडक्यांचा एक निराळा वर्ग आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत अखेर आदळले की तो होतो, असा तर्क होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी अशी टक्कर 'ऐकली', आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा लहानसा भडका आला. सुमारे अकरा तासांत चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीला तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका आकाशगंगेत नवा दिवा दिसला. त्याच्या प्रकाशावरून कळले, की तेथे जड मूलद्रव्यांची टांकसाळ चालू होती. तीत कित्येक पृथ्वींच्या वजनाइतके सोने तयार झाले असावे असा अंदाज आहे.

पण या भडक्याची पश्चदीप्ती कोठे होती? ती लगेच दिसेना. नवव्या दिवशी क्ष-किरण आले, सोळाव्या दिवशी रेडिओ लहरी. आणि पुढे पाच महिने ती मंदावण्याऐवजी वाढतच गेली! कारण हा झोत आपल्या अंगावर नव्हता, बाजूने चालला होता. तो मंदावून त्याचा प्रकाश फाकला तेव्हा आपल्याला दिसू लागला. खोडदच्या तबकड्यांनी ही धगही टिपली.

कोजागरीची रात्र

आता शेवटची हकीकत, आणि ती आपल्या अगदी डोक्यावर घडलेली. ९ ऑक्टोबर २०२२ हा कोजागरीचा दिवस. सूर्य मावळून अर्धा तास झाला होता, पूर्वेला चंद्र नुकताच वर आला होता. घरोघरी दूध आटत असेल. सायंकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी श्रवणाजवळच्या शर तारकासमूहात एक भडका झाला. त्याची जागा आणि वेळ घेऊन मी गणित मांडले, तेव्हा माझाच विश्वास बसेना: मुंबई-पुण्याहून पाहिले तर त्या क्षणी ती जागा खस्वस्तिकापासून पाच अंशांच्या आत, म्हणजे जवळजवळ थेट माथ्यावर होती!

गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना खाली येऊ देत नाही, म्हणून कोणाला काही कळले नाही. पण उपग्रहांवरची उपकरणे त्या लोंढ्याने अक्षरशः बधिर झाली. ॲस्ट्रोसॅटनेही तो टिपला. पृथ्वीच्या वातावरणातला आयनांबराचा थर काही काळ ढवळून निघाला. आणि हा भडका किती लांबचा? प्रकाश १९० कोटी वर्षे चालत आलेला! इतका प्रखर भडका पृथ्वीच्या वाट्याला दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी येतो, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

त्याची पश्चदीप्ती इतकी तेजस्वी होती, की पाऊण-एक तासाने 'स्विफ्ट'च्या नजरेस आली तेव्हा प्रथम तो आपल्याच आकाशगंगेतला काही प्रकार वाटला. वाटेत आकाशगंगेच्या धुळीचे जाड पडदे होते. त्या धुळीवरून उसळलेल्या क्ष-किरणांची कडी भोवती उमटली, चंद्राला खळे पडते तशी. एकात एक अशी वीस. चीनमधल्या सिचुआनच्या डोंगरावरील 'ल्हासो' वेधशाळेने पहिल्या पन्नास मिनिटांत चौसष्ट हजारांहून अधिक अतितीव्र फोटॉन मोजले आणि धग पेटताना, चढताना व उतरताना पाहिली. त्यावरून कळले, की झोत दोन अंशही रुंद नव्हता. मध्यापासून कडेपर्यंत अवघा ०.८ अंश. हान्लेच्या दुर्बिणींपासून हौशी लोकांच्या लहान दुर्बिणींपर्यंत सगळे त्या धगीमागे लागले. पुढे 'जेम्स वेब' दुर्बिणीने त्या राखेत मेलेल्या ताऱ्याचा माग काढला. अतिनव तारा सापडला, पण सोन्यासारख्या जड मूलद्रव्यांची खूण मिळाली नाही. मग विश्वातले सारे सोने टकरींतूनच आले काय? हा प्रश्न अजून उघडा आहे.

कोजागरीला लक्ष्मी 'को जागर्ति?' असे विचारीत फिरते, असे आपण मुलांना सांगतो. त्या रात्री हा प्रश्न वरून खरोखरच आला, आणि जे जागे होते त्यांच्या पदरात ज्ञानाचे दान पडले. यापुढे जागणारांची संख्या वाढणार आहे. २०२४ साली 'आइन्स्टाइन प्रोब' आणि फ्रान्स-चीनचा 'स्वोम' हे नवे पहारेकरी आकाशात गेले. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती चालू झाली, की न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आकाशात नेमकी कोठे झाली हे आजच्यापेक्षा पुष्कळ अचूक सांगता येईल, आणि मराठवाड्याच्या मातीवरून दुर्बिणींना दिशा मिळेल.

वाचकहो, दिवसाला सरासरी एक भडका, हा हिशेब मी वर दिलाच आहे. तेव्हा हा अंक आपल्या हाती असेल, दारात पणत्या तेवत असतील आणि मुले फुलबाज्या फिरवीत असतील, त्या दिवशीही कोठे तरी मेलेल्या एखाद्या ताऱ्याचा निरोप पृथ्वीवर पोहोचेल. आपल्याला तो दिसणार नाही. पण हान्लेच्या थंडीत एक दुर्बीण आपोआप मान वळवील, आणि दिवाळीचा फराळ बाजूला सारून कोणी तरी तरुण मुलगा अथवा मुलगी पडद्यावरचा एक मंदावत जाणारा ठिपका मोजीत बसेल. त्यांना माझ्यातर्फे आणि आपणा सर्वांतर्फे शुभ दीपावली.